सुटलं कोण?

वरवंडसारख्या गावातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. पुणे-सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, उसाच्या कडेला. घरातल्या आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अंगावरून वारं गेलं त्याला साडेचार वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून मोठ्या सुनेचा दिवस आत्याबाईंच्या खाटेभोवती फिरतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ लाल झाली का पाहायचं, पेज चमच्याने भरवायची, ठसका लागला की थांबायचं. रात्री दोनला उठून डायपर बघायचा.

एका पहाटे आत्याबाई जातात. लेकी येतात, दारातूनच हंबरडा फोडतात. सून मात्र आत गॅसवर चहाचं पातेलं चढवते, सतरंज्या कुठे आहेत ते सांगते, डॉक्टरांचा दाखला कुणाच्या खिशात आहे ते विचारते. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. ओसरीवर कुणी म्हणतं, “सुटल्या बिचाऱ्या.” आणि आवाज खाली आणून दुसरी म्हणते, “हीपण सुटली म्हणायची.”

तेरावा होतो, पाहुणे जातात. दीड महिन्याने भांड्यांच्या फळीमागे आत्याबाईंचा छोटा चमचा सापडतो, दात लागू नयेत म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेला. आणि ही बाई ओट्याला धरून ओक्साबोक्शी रडते. रात्री दोनला तर ती अजूनही रोज उठते.

हे घर मी कल्पनेतून उभं केलं आहे, पण ज्याने अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे त्याला ते कल्पनेतलं वाटणार नाही. त्या दिवशी रडू का आलं नाही? रात्री जाग का येते? आणि एवढ्याशा चमच्याने काय केलं? तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणाहून निघतात. सांभाळणाऱ्याचं दुःख मृत्यूच्या दिवशी सुरू होत नाही, ते त्याच्या फार आधी सुरू झालेलं असतं.

आगाऊ दुःख

१९४२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना बघणाऱ्या डॉक्टरांत एरिक लिंडेमान हे मनोविकारतज्ज्ञ होते. शोकात माणसाच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, याचा त्यांनी लिहिलेला लेख १९४४ साली प्रसिद्ध झाला. ते महायुद्धाचे दिवस होते, म्हणून त्यात एक वेगळंच निरीक्षण आलं. एक सैनिक आघाडीवरून सुखरूप परत आला, तर बायको म्हणाली, माझं तुमच्यावर प्रेम उरलेलं नाही, मला घटस्फोट हवा. नवरा आज जाईल, उद्या जाईल या धास्तीत तिने त्याच्या मरणाचं दुःख मनातल्या मनात पुरतं करून टाकलं होतं. माणूस परत आला तेव्हा त्याची जागा बुजलेली होती.

मरणाआधीच सुरू होणाऱ्या या शोकाला आपण आगाऊ दुःख म्हणू. मराठीत ‘आगाऊ’चा दुसरा अर्थ उद्धट असाही आहे, आणि हे दुःख दोन्ही अर्थांनी आगाऊच असतं. ते वेळ बघत नाही, परवानगी विचारत नाही.

आपल्या सुनेचंच बघा. आत्याबाईंचं बोलणं गेलं त्या दिवशी पहिला हप्ता गेला. पापड लाटताना चुका काढणारा आवाज बंद झाला. मग त्या उठून बसेनाशा झाल्या, दुसरा हप्ता. मग एके दिवशी त्यांनी सुनेला ओळखलं नाही, तो सगळ्यांत मोठा. या प्रत्येक वेळी ती रडली असेल, पण मोरीत, पाण्याचा नळ सोडून. तेव्हा सांत्वनाला कुणी आलं नाही, कारण माणूस जिवंत होतं. शेवटच्या दिवशी लेकींचं दुःख एकरकमी येतं. हिचं साडेचार वर्षं चालू होतं.

मात्र हप्त्याची उपमा इथे थांबवावी लागते. बँकेत हप्ते भरले की मुद्दल उतरतं, इथे ते उतरेलच असं नाही. पूर्वी तज्ज्ञांनाही वाटे की आधी रडून घेतलं की नंतर सोपं जातं. पुढच्या अभ्यासांत पुष्कळदा उलटं दिसलं: मृत्यूआधी जे फार खचलेले असतात, त्यांनाच नंतरही जास्त जड जातं. जुन्या सावकाराच्या वहीसारखं. भरलेलं जमेला धरलं जात नाही.

समोर असून नसलेलं माणूस

काही आजारांत हा प्रकार आणखी अवघड होतो. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांना भेटत होत्या. माणूस गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. पुढे त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरं पाहिली आणि तिथे याचीच उलटी बाजू दिसली. माणूस समोर खुर्चीत आहे, पण त्याच्यातला ‘तो’ नाही. याला आपण अधांतरी वियोग म्हणू. यात मन दुःखाला सुरुवातही करू शकत नाही आणि ते संपवूही शकत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यावर वेगळं भाष्य नको. मोहन आगाशे यांनी त्यात संस्कृतचा गाढा अभ्यासक उभा केला आहे. स्मृती विझत चाललेला हा माणूस एका हत्तीच्या मागे चालत निघून जातो, आणि लेक त्याला शोधत फिरते. ती हरवलेल्या बापाला शोधते आहे की आधीच हरवून बसलेल्या बापाला, हा प्रश्न मला चित्रपटभर छळत राहिला.

रात्री दोन वाजता

आता रात्री दोनला जाग येते, त्याकडे येऊ. आपला मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. रोज जे घडतं ते पुन्हा घडणार असं धरून तो शरीराला आधीच तयार ठेवतो. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच कळेल. गाडीवान मोळ्यांवर पाठ टेकून झोपलेला असतो, तरी बैल नेमक्या वळणावर वळतात. सुनेच्या मेंदूतले बैल साडेचार वर्षं रोज दोनच्या वळणावर वळले. माणूस गेल्याची बातमी गाडीवानाला मिळते, बैलांना नाही.

म्हणजे ‘आत्याबाई गेल्या’ हे ज्ञान आणि ‘आत्याबाईंना आता कुशीवर वळवायला हवं’ ही सवय, दोन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी असतात. अंदाज चुकतो, खाट रिकामी दिसते, मेंदू एक दुरुस्ती करतो. दुसऱ्या रात्री पुन्हा. शोक म्हणजे बऱ्याच अंशी हे शिकणं आहे, आणि ज्याने जास्त काळ, जास्त जवळून सांभाळलं, त्याला जास्त दुरुस्त्या कराव्या लागतात. पुण्याला नोकरी करून महिन्याला भेटायला येणाऱ्या मुलाच्या दिवसात आईची जागा एका फोनएवढी होती. सुनेच्या दिवसात ती दर दोन तासांनी होती. चमच्याचं रहस्यही यातच आहे. खाट, गादी, औषधं यांच्या रिकामपणाची तिने तयारी केली होती. चमचा अंदाजात नव्हता.

बादल्यांची पळापळ

गावात आग लागली की सगळे हातातलं काम टाकून बादल्या घेऊन पळतात. शरीराचंही तसंच. संकट आलं की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं, म्हणजे रक्तातून निरोप नेणारी रसायनं, वाढतात. पचन, डागडुजी, रोगाशी लढणं ही कामं मागे ठेवून ती अंगातली ताकद संकटाकडे वळवतात. एका रात्रीपुरतं हे उत्तमच. पण चार वर्षं रोज आगीची हाकाटी झाली तर शेतं पडीक पडणारच.

याचं मोजमाप १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झालं. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया घेतल्या, आणि वयाने, उत्पन्नाने त्यांच्याशी जुळणाऱ्या पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. इतर स्त्रियांची जखम भरायला सरासरी ३९ दिवस लागले, सांभाळणाऱ्यांची भरायला जवळजवळ ४९. अभ्यास छोटा होता, पण त्याने एक गोष्ट उघड केली. थकवा मनात आहे असं आपण म्हणतो, तो कातडीपर्यंत गेलेला असतो. चहाचं पातेलं चढवणाऱ्या सुनेचे कोरडे डोळे दगडासारखे नव्हते, थकलेले होते.

‘सुटले’ हा शब्द

“सुटले” हा आपल्याकडचा फार जुना, फार दयाळू शब्द आहे. वेदनेतून मोकळं झालेल्या माणसाबद्दल तो वापरतात. पंचाईत होते ती तो सांभाळणाऱ्याला लावल्यावर. कारण तिलाही खरोखर मोकळं वाटलेलं असतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत असते.

२००३ साली रिचर्ड शुल्झ आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळून त्यांचा मृत्यू पाहिलेल्या २१७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७२ टक्क्यांनी सांगितलं की मृत्यूने आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. रुग्णाची सुटका झाली असं म्हणणारे तर ९० टक्क्यांहून अधिक होते. वर्षभरात बहुतेकांचं खचलेपण शुश्रूषेच्या काळापेक्षाही कमी झालं. म्हणजे मोकळं वाटणं हा नियम आहे, अपवाद नाही. पाठीवरचं पोतं उतरलं की खांदा हलका होतो, पोत्यात आपलंच धान्य असलं तरी.

पण याच मंडळींतल्या साधारण पाचातल्या एकाचा शोक पुढे चिघळला. त्यात आधीपासून खचलेले होते, शुश्रूषेच्या ओझ्याने पिचलेले होते, आणि ज्यांना शुश्रूषेतच समाधान मिळत होतं असेही होते. हे शेवटचं चमत्कारिक वाटेल, पण विचार करा. साडेचार वर्षांत या बाईने पाठीची जखम धुणं शिकलं, ठसका कोणता साधा आणि कोणता घातक ते शिकलं. गावातला कंपाउंडर तिला विचारून जायचा. आत्याबाई गेल्या त्या दिवशी माणूस गेलं आणि कामही गेलं. बेकारीचं दुःख पुरुषांचं असतं असं आपण धरून चालतो.

सातबाऱ्यावर नाव नसलेले

आपल्याकडे शोकाची वाटणी नात्यावर होते. सुतक सुनेला दहा दिवसांचं, लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं. शेजारणीला काहीच नाही, आणि ब्यूरोतून आलेल्या, रात्रंदिवस पेशंटजवळ बसणाऱ्या मावशींना तर दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या घरी ड्युटी. कोण किती रात्री जागलं, हा रकाना त्या हिशोबात नाही. जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव सातबाऱ्यावर नसावं, तसं हे आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ च्या पुस्तकात अशा शोकाला नाव दिलं. मराठीत त्याला बेदखल दुःख म्हणणं योग्य होईल.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करणाऱ्या अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा साखळीने आवळल्यामुळे मेंदूला रक्त पोहोचलं नाही आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ ४२ वर्षं तिला त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी सांभाळलं. आधीच्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. नंतर आलेल्या कित्येकींनी तिचा धड आवाजही ऐकला नव्हता, तरी तिचं जेवण, अंघोळ, कूस बदलणं एका पिढीकडून दुसरीकडे आलं. इतकी वर्षं पडून राहूनही तिच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत, हे डॉक्टर वारंवार सांगत. ते कसं होतं, हे ज्याने घरी चार महिने तरी माणूस सांभाळलं आहे त्यालाच कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनी तिला दयामरण मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ठरावीक परिस्थितीत उपचार थांबवायची वाट मोकळी केली, पण अरुणाच्या बाबतीत अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रक्ताच्या नात्याचा किंवा अर्जदाराचा न मानता के. ई. एम. च्या कर्मचाऱ्यांचा मानला. माझ्या मते त्या निकालाचा हा भाग दयामरणाच्या गलक्यात झाकून गेला. ज्यांनी सांभाळलं तेच तिचे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून दिलं. कुळाचं नाव सातबाऱ्यावर चढलं. त्या वेळी परिचारिकांनी पेढे वाटले, आणि चार वर्षांनी त्याच बायका घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या. बाहेरच्या काहींना यात विसंगती दिसली. मला दिसत नाही.

आवर्तन आणि वाफसा

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, हे आता व्हॉट्सॲपवरही फिरतं. नाकारणं, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडलं, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात ते नंतर पडलं. प्रत्यक्षात कुणी असा जिना चढत नाही.

त्यापेक्षा पटणारी मांडणी नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक श्खूट यांनी १९९९ साली केली. दौंड तालुक्यातल्या शेतकऱ्याला ती समजवायला दोन मिनिटं पुरतील. खडकवासल्याच्या कालव्याला पाणी सुटतं, ते बारमाही वाहत नाही, आवर्तनाने येतं. पाणी आलं की ऊस भिजतो, मग ते बंद होतं आणि जमिनीला वाफसा येतो, म्हणजे ओल राहते पण चिखल नाही, मुळांना हवा मिळते. सतत पाणी दिलं तर जमीन चोपण होते. दिलंच नाही तर पीक जळतं. शोकाचंही आवर्तन असतं. कधी माणूस गेल्याच्या दुःखात भिजून जायचं, कधी वीजबिल, वारसनोंद, मुलीची फी यांत गुंतायचं, एखाद्या विनोदावर हसायचं. या दोन्हींत ये-जा चालू असली की मन सावरतं. चमचा सापडल्यावर रडलेली बाई तासाभराने भाजी आणायला गेली आणि भावावरून भांडली, तर ते ठीकच आहे. तिचं पाणी आलं होतं, ते बंद झालं.

काळजी करायची ती पाणी बंदच होत नसेल तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिने उलटून गेले तरी तीव्र ओढ आणि कळ तशीच, रोजचं जगणं ठप्प, आणि हे त्या समाजाच्या रीतीला धरून असणाऱ्या शोकाहून कितीतरी जास्त, असं असेल तर तो उपचाराचा विषय आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर सहा महिने मोजत बसू नये.

> सांत्वनाला जाताना
> “सुटले” हे गेलेल्या माणसाबद्दल म्हणा. सांभाळणाऱ्याबद्दल ते त्याचं त्याला म्हणू द्या.
> “शेवटी काय झालं?” असं विचारण्यापेक्षा “तुम्ही कसं केलंत सगळं?” असं विचारा आणि ऐका.
> रडत नाही म्हणून माया नव्हती, असा निवाडा करू नका.
> तेराव्यानंतर, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा जा. तेव्हा ओसरी रिकामी असते.

मदत आधी लागते

खरं तर इतकं सगळं नंतर निस्तरण्यापेक्षा आधी हात देणं सोपं आहे. वेदनाशमन आणि आधार देणारी सेवा, जिला डॉक्टर पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती रुग्णाबरोबर घरच्यांनाही रुग्णाइतकंच मानते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेलं शांती अवेदना सदन हे भारतातलं या प्रकारचं पहिलं ठिकाण. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथे कर्करुग्णाला फुकट सेवा मिळते, आणि घरचं माणूस सोबत राहून जखम कशी धुवायची, औषध कधी द्यायचं ते शिकून घेतं. वरवंडहून वारजे फार लांब नाही, पण दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या बाईला ते चंद्राइतकं लांब असतं. म्हणून गावातली सगळ्यांत मोठी मदत साधी आहे: आठवड्यातले तीन तास कुणीतरी तिच्या जागी बसणं.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी यवतहून निघून वरवंडला मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटी घाट चढते. पालखी आली की अख्खं गाव रस्त्यावर असतं, पण ज्या घरात खाट आहे तिथे कुणाला तरी थांबावं लागतं. आपली सून चार वारींना दारातूनच हात जोडून आत वळली होती. या वर्षी ती गेली. गर्दीत शिरली, दर्शन घेतलं, आणि टाळांचा आवाज मागे टाकून भराभरा घराकडे निघाली. पायरीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं की घाई कशाची होती. ती तिथेच बसली. मागून आलेली धाकटी जाऊ शेजारी टेकली. थोड्या वेळाने म्हणाली, “अक्का, आत्याबाई बोलत होत्या तेव्हा दरसाल पहिलं काय विचारायच्या? किती दिंड्या गेल्या. मोजल्यास का तू?”

“बाविसापर्यंत मोजल्या,” ती म्हणाली. “मग चुकले.”